अकरा सेकंद

निसार मुकादम म्हणाला, हलू नका.
तर आम्ही तिघं होतो तिथेच थिजलो:
सजीवन गालावर दाढीचा फेस घेऊन,
मोतालेब निळ्या पांघरुणात अर्धा आत, अर्धा बाहेर,
मी चहाच्या कपात तोंड घालून.
फोनने टिक् केलं.
हं, घ्या आता श्वास.

रुवीतल्या हमरियात, चार खाटांच्या खोलीत,
शुक्रवारी सकाळी.
जुम्म्याला अजून दीड तास होता
आणि ओट्यावर एक लुमी उभं होतं.
लुमी म्हणजे सुकून काळं पडलेलं लिंबू,
इथल्या बाजारात पोत्याने मिळतं,
हलवलं की आत बिया खुळखुळतात.
त्याला आगकाड्यांचे दोन पाय,
डोळे म्हणून मोहरीचे दोन दाणे,
एक जरा वर, एक खाली;
त्यामुळे ते सदा काहीतरी विचारायला निघाल्यासारखं दिसे.

त्याला गॅसपासून खिडकीपर्यंत जायचं होतं.
कशाला, ते निसारलाही ठाऊक नव्हतं.
म्हणाला, पोचलं की सांगेल.

आठवडाभर एसीचे डक्ट बसवणारा माणूस,
पत्र्याने चिरलेली बोटं,
पण काडी उचलायचा ती अशी
की जणू तिला झोपेतून उठवायचं नाहीये.
दाणाभर पुढे. टिक्.
दाणाभर पुढे. टिक्.
असं बारा वेळा केलं की एक सेकंद होतो.
मी पडलो स्टोअरकीपर, मला हिशेब लागतो:
एका शुक्रवारात पावणेतीन सेकंद.
पुढचा हिशेब, कोणाच्या रजेचा, कोणाच्या किती वर्षांचा,
तो मी केला नाही.

चार शुक्रवार लागले.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कोणी हसलं नाही.
काड्या कुठल्या, मोहरी कोणाच्या डब्यातली,
सगळं माहीत होतं आम्हाला.
तरी ते चाललं.
अडखळत, लंगडत, मोठ्या कामाला निघाल्यासारखं.
भिंतीवर ऊन फडफडत होतं नुसतं,
या गावात ज्याला कधी घाईत पाहिलं नाही ते ऊन!
सजीवनची दाढी गेली, आली, गेली.
दोरीवरचा टॉवेल लुंगी झाला, लुंगीचा पुन्हा टॉवेल.
एका फोटोत निसारचा अंगठा राहून गेलाय,
लिंबाएवढाच मोठा, नखाखाली ग्रीस.
काढतो म्हणाला. आम्ही काढू दिला नाही.

आणि मागे, जिथे कोणी बघत नाही तिथे,
मोतालेब उठून बसतो, आडवा होतो, बसतो.
सहाव्या सेकंदाला खाटेवर बॅग येते, सुतळीने आवळलेली.
सव्वाआठाव्या सेकंदाला
निळं पांघरूण नाही.
गादीची वळकटी आहे.

त्या दोन फोटोंच्या मध्ये कंपनीचा एक कागद होता,
बुधवारची पहाट होती,
आम्ही तिघंही ड्युटीवर होतो.
फोनमध्ये यातलं काही नाही.
लिंबाने तर वळूनही पाहिलं नाही,
त्याचा एक पाय तेव्हा हवेत होता.

दापोलीला निसारची सानिहा, वय वर्षं सहा,
तिने लिंबाचं नावसुद्धा काढलं नाही.
अब्बा, मागचे निळे चाचा कसे गायब केलेत?
आता परत आणा त्यांना.

निसारने फिल्म उलटी लावली.
वळकटी उलगडली, बॅग विरून गेली,
मोतालेब पांघरुणात आला, अर्धा आत, अर्धा बाहेर.
पण लिंबू पाठमोरं
गॅसकडे निघालं होतं.
सानिहा ओरडली, अहो, तिकडे नको, भाजेल ते!

मग निसारने फोन ठेवला
आणि कांदा चिरायला घेतला. शुक्रवारी त्याची पाळी असते.

लुमी अजून खिडकीत आहे.
रस्सा करताना त्याला कोणी हात लावत नाही,
दुसरं आणतो.
समोर काचेपलीकडे करडा, बोडका डोंगर,
मोहरीचा एक दाणा पडलाय, एकाच डोळ्याने बघतं.
काल खोलीत कोणी नव्हतं.
मी श्वास धरला
आणि त्याला दाणाभर पुढे सरकवलं.
फोटो नाही काढला.